रॉजर एल्स यांची कारकीर्द आणि त्यांचे पतन वेगळे काढता येत नाही

प्रश्न असा आहे: फॉक्स न्यूज ही अमेरिकी वृत्तवाहिनी उभी करणारे रॉजर एल्स टीव्ही बातम्यांतले एवढे मोठे नाव कसे झाले, त्यांच्याभोवतीचे वाद नेमके काय होते, आणि त्यांचे व्यावसायिक कर्तृत्व बाजूला ठेवून 2016 मधल्या लैंगिक छळाच्या प्रकरणांचा वेगळा विचार करता येतो का?

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देते: नाही, येत नाही. माझी बरीच वर्षे वृत्तवाहिनीच्या आउटपुट डेस्कवर आणि पीसीआरमध्ये, म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या कंट्रोल रूममध्ये, गेली. पडद्यावर काय दिसायचे, कोण दिसायचे आणि कोण दिसायचे नाही, हे शेवटी एकच माणूस ठरवू लागला की चॅनलला एक ठाम चेहरा मिळतो. पण त्याच वेळी त्या माणसापुढे ‘नाही’ म्हणायची ताकद कोणातच उरत नाही. एल्स यांचे यश आणि त्यांच्या हातून झालेले नुकसान या दोन्हींचे मूळ तिथे आहे.

त्यांचा जन्म 1940 मध्ये ओहायो राज्यातल्या वॉरेन या कारखान्यांच्या गावातला. वडील पॅकार्ड इलेक्ट्रिकमध्ये फोरमन. लहानपणापासून हिमोफिलिया, म्हणजे साध्या पडण्यातूनही जिवावर बेतेल असा रक्तस्राव. कॉलेजनंतर ते क्लीव्हलँडच्या स्टेशनवर ‘माइक डग्लस शो’ या दुपारच्या कार्यक्रमात लागले, तेही सेटवरचे सामान सांभाळणाऱ्या मदतनिसाच्या कामावर. पंचविशीत ते त्याच कार्यक्रमाचे निर्माते झाले आणि पुढे कार्यकारी निर्माते. एल्स यांच्याबद्दल लिहिताना लोक हा टप्पा दोन ओळींत उरकतात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हा माणूस कधीच बातमीदार नव्हता. त्याने पोलीस ठाण्याबाहेर रात्र काढलेली नव्हती, की न्यायालयाचा निकाल वाचून कॉपी लिहिलेली नव्हती. तो शिकला ते गाणी, गप्पा, पाहुणे, स्वयंपाक आणि विनोद यांच्या कार्यक्रमात: घरकाम करता करता टीव्हीकडे बघणाऱ्या बाईने चॅनल बदलू नये म्हणून दर काही मिनिटांनी काय घडवायचे ते.

याच कार्यक्रमात 1967 मध्ये रिपब्लिकन नेते आणि पुढचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन पाहुणे म्हणून आले. 1960 मध्ये केनेडींबरोबरच्या चर्चेत टीव्हीने त्यांचा घामेजलेला चेहरा देशभर नेला होता आणि ते निवडणूक हरले होते. टीव्हीसारख्या क्लृप्त्यांवर निवडणुका जिंकाव्या लागतात हे दुर्दैव, असे काहीसे ते बोलून गेले. पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या एल्स यांनी त्यांना तोंडावर सांगितले की टीव्हीला क्लृप्ती समजाल तर पुन्हा हराल. निक्सन यांच्या मंडळींनी त्यांना प्रचारात घेतले. 1968 साठी त्यांनी जे कार्यक्रम बसवले ते आजही अभ्यासण्यासारखे आहेत. मधोमध उभा एकटा उमेदवार, भोवती प्रश्न विचारणारे साधे नागरिक, मागे टाळ्या वाजवणारे प्रेक्षक. दिसायला सगळे खुले. पण प्रेक्षक पक्षाच्या लोकांनी जमवलेले, आणि पत्रकारांना स्टुडिओत प्रवेश नाही, त्यांनी बाहेर मॉनिटरवर बघायचे. आपल्याकडच्या ‘जनतेशी थेट संवाद’ छापाच्या कार्यक्रमांत बसलेल्या कोणालाही ही मांडणी ओळखीची वाटेल.

निक्सन ग्रंथालयाच्या कागदपत्रांत 1970 च्या सुमाराचे एक टिपण आहे. रिपब्लिकन पक्षाची बाजू टीव्ही बातम्यांत कशी घालायची याची ती योजना, आणि तिच्या समासात एल्स यांच्या हातच्या नोंदी आहेत. व्हाइट हाउसनेच तयार बातम्यांच्या टेप बनवायच्या आणि गावोगावच्या स्टेशनांना पोचवायच्या, असा तिचा गाभा. ती योजना बारगळली. पुढे बिअर उद्योजक जोसेफ कूर्स यांच्या पैशावर टेलिव्हिजन न्यूज इनकॉर्पोरेटेड ही बातम्या पुरवणारी कंपनी निघाली, एल्स 1974 मध्ये तिचे वृत्तप्रमुख झाले आणि 1975 मध्ये ती बंदही पडली. फॉक्स न्यूज हा 1996 मध्ये अचानक सुचलेला विचार नव्हता, एवढे यातून दिसते. कल्पना होती, वितरण नव्हते.

मधली वर्षे प्रचार सल्लागाराची. 1984 मध्ये रेगन पहिल्या चर्चेत अडखळले, वयाची कुजबुज सुरू झाली, तेव्हा दुसऱ्या चर्चेच्या तयारीला एल्स यांना बोलावले. प्रतिस्पर्ध्याच्या तरुणपणाचा आणि अननुभवाचा आपण राजकीय फायदा घेणार नाही, हे रेगन यांचे उत्तर त्या चर्चेत आले आणि विषय मिटला. 25 जानेवारी 1988 ची सीबीएसवरची मुलाखत तर मी नव्या निर्मात्यांना आवर्जून बघायला सांगते. इराण-काँट्रा प्रकरणावर, म्हणजे रेगन सरकारने इराणला गुपचूप शस्त्रे विकून पैसा निकाराग्वाच्या बंडखोरांना दिल्याच्या प्रकरणावर, सीबीएसचे अँकर डॅन रॅदर उपराष्ट्रपती आणि राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार थोरले जॉर्ज बुश यांना घेरणार हे माहीत होते. बुश यांच्या बाजूने अट घातली की मुलाखत थेटच होईल, म्हणजे नंतर काटछाट नाही. कॅमेऱ्यामागे एल्स पाटीवर शब्द लिहून उभे. काही महिन्यांपूर्वी रॅदर स्टुडिओ सोडून गेले होते आणि वाहिनीचा पडदा काही मिनिटे काळा राहिला होता. बुश यांनी नेमके तेच काढले: एका घटनेवरून माझी कारकीर्द तोलता, मग तुमचीही तशीच तोलायची का? इराणचा प्रश्न मागे पडला आणि दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती भांडणाची. पत्रकाराला प्रश्नाऐवजी घटना बनवून टाकायचे, हे तंत्र तिथे पूर्ण विकसित झालेले दिसते.

त्याच वर्षी बुश यांचे प्रतिस्पर्धी मायकेल डुकाकिस यांच्याविरुद्ध, तुरुंगातून सुट्टीवर सोडलेल्या एका कृष्णवर्णीय कैद्याच्या गुन्ह्यावरून केलेली जाहिरात गाजली. वर्णद्वेष चेतवणारी म्हणून ती आजही उदाहरण म्हणून दाखवली जाते. ती बुश यांच्या प्रचाराबाहेरच्या गटाने केली होती, तिचा निर्माता पूर्वी एल्स यांच्याकडे काम केलेला. एल्स यांनी संबंध नाकारला, आणि निवडणूक आयोगाच्या सदस्यांची मते सारखी विभागली गेल्याने कारवाई झाली नाही.

1993 मध्ये ते एनबीसीच्या सीएनबीसी या आर्थिक वाहिनीचे प्रमुख झाले. 1994 मध्ये त्यांनी ‘अमेरिकाज टॉकिंग’ ही गप्पांची वाहिनी काढली. एनबीसीने मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी करून तिची जागा एमएसएनबीसीला द्यायचे ठरवले आणि एल्स जानेवारी 1996 मध्ये बाहेर पडले. त्याच महिन्याच्या शेवटी माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉक यांनी त्यांना शेजारी बसवून नव्या वृत्तवाहिनीची घोषणा केली. 7 ऑक्टोबर 1996 ला ती सुरू झाली.

इथे पैशांबद्दल थोडे थांबायला हवे, कारण फॉक्सच्या यशाचे श्रेय देताना लोक फक्त अँकर आणि राजकारण बघतात. अमेरिकेत तेव्हाची रीत अशी की केबल कंपनी वाहिनीला दर घरामागे महिन्याला काही पैसे देते. मर्डॉक यांनी ती उलटवली. आमची वाहिनी दाखवा, दर ग्राहकामागे सुमारे 10 डॉलर आम्हीच तुम्हाला देतो. आपल्याकडे कॅरेज फी भरून भरून थकलेल्या चॅनलवाल्यांना यात नवल वाटणार नाही, पण तिकडे ती खळबळ होती. तरीही सुरुवातीला सुमारे 1 कोटी 70 लाख घरेच मिळाली, आणि न्यूयॉर्क शहरातली टाइम वॉर्नरची केबल मिळाली नाही. टाइम वॉर्नरने नुकतेच सीएनएन विकत घेतलेले. महापौर रुडी जुलियानी यांनी शहराच्या मालकीच्या चॅनलवर फॉक्स दाखवायचा घाट घातला, न्यायालयाने तो अडवला, आणि 1997 मध्ये तडजोड होऊन वाहिनी दिसू लागली. जुलियानी यांच्या 1989 च्या प्रचाराचे सल्लागार एल्सच होते. सत्तेतल्या माणसाने चॅनलसाठी काय काय करावे, याची ही सुरुवातीची झलक.

पडद्यावर त्यांनी काय केले? त्यांची एक सवय प्रसिद्ध होती. आवाज बंद करून टीव्ही बघायचा. आवाजाशिवायही ज्या अँकरकडे बघत राहावेसे वाटते तो चालणार. ही कसोटी मूर्खपणाची नाही, टीव्हीत काम करणाऱ्याला तिचा अर्थ कळतो. चेहरा, हात, डोळे, ग्राफिक्सचा रंग, खालची पट्टी, सगळे एकत्र बोलत असते. दुसरे त्यांचे म्हणणे असे: मंचावर दोन उमेदवार उभे आहेत, एक म्हणतो मध्यपूर्वेचा प्रश्न सोडवायचा मार्ग मला सापडला, दुसरा वादकांच्या खड्ड्यात पडतो, तर रात्रीच्या बातम्यांत कोण असेल? हे निरीक्षण तंतोतंत खरे आहे. फरक इतकाच की बहुतेक संपादक याला धंद्याची कमजोरी मानून तिच्याशी झगडतात. एल्स यांनी तिच्यावर पूर्ण वाहिनी उभी केली.

दिवसा बातम्या, रात्री मते, आणि दोन्हींचा पोत एकच. ग्राफिक्स तेच, संगीत तेच, ‘अलर्ट’ तोच. बघणाऱ्याला सीमा कळायला जागाच ठेवायची नाही. उजव्या विचाराच्या मोठ्या प्रेक्षकवर्गाला इतर वाहिन्यांवर आपण उपरे आहोत असे वाटत होते हेही खरे, आणि ती भावना एल्स यांनी निर्माण केली नव्हती, त्यांनी ती ओळखली. ‘फेअर अँड बॅलन्स्ड’ हे घोषवाक्य त्या प्रेक्षकासाठी होते. जानेवारी 2002 मध्ये फॉक्सने प्रेक्षकसंख्येत सीएनएनला मागे टाकले आणि पुढची कित्येक वर्षे पहिला क्रमांक सोडला नाही.

वादांपैकी 2000 च्या निवडणूक रात्रीचा वाद मला तांत्रिक दृष्टीने सर्वात गंभीर वाटतो. फ्लोरिडाचा कल ठरवणाऱ्या फॉक्सच्या डेस्कवर प्रमुख होते जॉन एलिस, म्हणजे उमेदवार धाकटे जॉर्ज बुश (1988 च्या बुश यांचा मुलगा) यांचे आतेभाऊ. त्या रात्री ते बुश यांच्याशी आणि फ्लोरिडाचे गव्हर्नर असलेल्या त्यांच्या भावाशी फोनवर बोलत होते. पहाटे 2:16 ला फॉक्सने फ्लोरिडा बुश यांना दिला, म्हणजे तिथे बुश जिंकल्याचे जाहीर केले, आणि काही मिनिटांत बाकी वाहिन्यांनी री ओढली. पुढे सगळ्यांना तो मागे घ्यावा लागला. अंतिम फरक 537 मतांचा निघाला. त्याच संध्याकाळी सगळ्यांनीच फ्लोरिडा आधी प्रतिस्पर्धी अल गोर यांना देऊन मागे घेतला होता, कारण सामायिक आकडेवारीच सदोष होती, हे न सांगणे अन्यायाचे होईल. पण उमेदवाराचा भाऊबंद त्या खुर्चीत बसतोच कसा? फेब्रुवारी 2001 मध्ये संसदीय समितीसमोर एल्स यांनी चुका मान्य केल्या आणि एलिस यांची पाठराखण केली. चांगल्या पत्रकाराचे चांगले स्रोत, असा त्यांचा युक्तिवाद होता. माझ्या डेस्कवर कोणी असे केले असते तर त्याला त्या रात्री मी पीसीआरच्या दारातही उभे राहू दिले नसते.

11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर त्यांनी व्हाइट हाउसला सल्ल्याचे पत्र पाठवल्याचे 2002 मध्ये बाहेर आले. आपण एक अमेरिकी नागरिक म्हणून लिहिले, असे ते म्हणाले. वृत्तवाहिनीचा प्रमुख राष्ट्राध्यक्षांना युद्धाबद्दल खासगीत सल्ला देतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच युद्धाच्या बातम्यांचा क्रम, म्हणजे रनडाऊन, ठरवतो, हे त्यांना विसंगत वाटले नाही. निक्सन यांच्या काळापासून त्यांच्या लेखी या दोन खोल्यांत भिंत नव्हतीच.

उलट बाजूचाही एक प्रसंग सांगते. 2012 ला फॉक्सच्या डेस्कने ओहायो ओबामांना दिले, तेव्हा स्टुडिओत बसलेले, धाकट्या बुश यांचे माजी सल्लागार कार्ल रोव्ह यांनी हवेतच आक्षेप घेतला. फॉक्सच्या अँकर मेगिन केली कॅमेऱ्यासह चालत डेस्कपर्यंत गेल्या, आकडेवाल्यांना थेट विचारले, आणि डेस्कने निर्णय बदलला नाही. लाइव्ह टीव्हीचा तो फार चांगला क्षण होता. एल्स यांच्या वाहिनीत व्यावसायिक माणसे होती आणि काही ठिकाणी त्यांना मोकळीकही होती. म्हणूनच ‘सगळे बाहुले होते’ असे म्हणणारी टीका मला उथळ वाटते.

आता 2016. 6 जुलै रोजी अँकर ग्रेचेन कार्लसन यांनी न्यू जर्सीच्या न्यायालयात एल्स यांच्यावर दावा दाखल केला. आपण शरीरसंबंधांची मागणी नाकारली आणि सहकाऱ्याच्या वागण्याबद्दल तक्रार केली म्हणून आधी सकाळच्या कार्यक्रमातून हटवले, मग करार संपवला, असे त्यांचे म्हणणे. दाव्याची बांधणी बघण्यासारखी आहे. त्यांच्या करारात वाद लवादापुढेच न्यायचे कलम होते, म्हणजे बंद दाराआड. म्हणून त्यांनी कंपनीवर नाही, व्यक्तीवर दावा केला. एल्स यांच्या वकिलांनी लगेच प्रकरण लवादाकडे वळवायचा प्रयत्न केला. पहिले काही दिवस वाहिनीतल्या कित्येक महिला अँकर एल्स यांच्या बाजूने जाहीर बोलल्या. मालक कंपनीने बाहेरच्या वकिलांकडून चौकशी लावली, इतर स्त्रिया बोलू लागल्या, मेगिन केली यांनीही आपला जुना अनुभव सांगितला. 21 जुलैला एल्स यांनी राजीनामा दिला. दावा ते जाणे, यात फक्त पंधरा दिवस. जाताना त्यांना सुमारे 4 कोटी डॉलर मिळाल्याचे वृत्त होते. सप्टेंबरमध्ये कार्लसन यांना 2 कोटी डॉलर आणि कंपनीची जाहीर माफी मिळाली. एल्स यांनी आरोप अखेरपर्यंत नाकारले, आणि न्यायालयात ते तपासले गेले नाहीत.

पंधरा दिवसांत जे झाले ते आधीच्या वीस वर्षांत का झाले नाही, हा खरा प्रश्न. 2011 मध्येच एका माजी महिला कर्मचाऱ्याशी 31 लाख डॉलरहून अधिक रकमेची गुप्त तडजोड झाली होती, हे नंतर उघड झाले. म्हणजे कोणीतरी कागद तयार केला, कोणीतरी सही केली, कोणीतरी पैसे वळते केले. कायदा विभाग, मनुष्यबळ विभाग, जनसंपर्क, सगळे वाहिनीत होते आणि सगळ्यांची वाट एल्स यांच्या केबिनकडे जात होती. वाहिनी वर्षाला एक अब्ज डॉलरच्या आसपास नफा कमावत होती, त्यामुळे वरून प्रश्न येत नव्हते.

आणि इथे ती आवाज बंद करून टीव्ही बघायची सवय वेगळी दिसू लागते. ‘फॉक्स अँड फ्रेंड्स’ या सकाळच्या कार्यक्रमात आपल्याला पँट घालायची परवानगी नव्हती, असे कार्लसन यांनी जाहीरपणे सांगितले. काचेची टेबले, सोफ्यावरच्या बसण्याच्या जागा, पाय दिसतील असा कॅमेऱ्याचा कोन, हे सगळे ‘पडद्यावर काय चालते’ या नावाखाली ठरत होते. स्त्रीचे दिसणे हा रोजच्या संपादकीय बैठकीचा विषय झाला, ते ठरवायचा अधिकार एकाच पुरुषाकडे गेला आणि त्याच पुरुषाकडे तिचा करार, तिची वेळ, तिचा पगारही असला, तर केबिनमध्ये बोलावून ‘जरा उभी राहून गोल फिर’ म्हणणे त्याच्या कामाचाच भाग असल्यासारखे भासते. असे करायला लावल्याचे आरोप एकाहून अधिक स्त्रियांनी केले आहेत. आपल्या न्यूजरूममध्येही मी ‘अँकरचा लुक’ या नावाखाली जे बोलणे ऐकले आहे, त्यामुळे मला हे दूरचे वाटत नाही. मुली गप्प राहतात, कारण प्राइम टाइमची खुर्ची एकच असते आणि ती देणारा हातही एकच.

18 मे 2017 ला एल्स फ्लोरिडात वारले. घरात पडून डोक्याला मार बसला होता, हिमोफिलियाने तो जीवघेणा केला. त्याच्या महिनाभर आधी फॉक्सचे गाजलेले अँकर बिल ओ’रायली यांनाही, त्यांच्यावरच्या आरोपांतल्या तडजोडींची माहिती छापून आल्यावर आणि जाहिरातदार निघून गेल्यावर, जावे लागले होते. ओ’रायली यांनीही आरोप नाकारले. नोव्हेंबर 2017 मध्ये भागधारकांच्या दाव्यात 9 कोटी डॉलरची तडजोड झाली. 2021 मध्ये न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क आयोगाशी झालेल्या समझोत्यात फॉक्सने 10 लाख डॉलर दंड भरला. लैंगिक छळाच्या प्रकरणांत सक्तीच्या लवादातून सुटका देणारा अमेरिकेचा केंद्रीय कायदा मार्च 2022 मध्ये झाला. त्यासाठी कार्लसन यांनी अनेक वर्षे खपून काम केले, आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीतले सर्वात मोठे काम तेच आहे.

फॉक्स बदलले का, असे कोणी विचारेल. 2020 मध्ये डेस्कने ॲरिझोना बायडेन यांना लवकर दिले, प्रेक्षक चिडले, आणि जानेवारी 2021 मध्ये त्या निर्णयाशी जोडलेली दोन वरिष्ठ माणसे वाहिनीबाहेर होती. मतदानयंत्रांबद्दलचे खोटे दावे प्रसारित केल्याबद्दल ती यंत्रे बनवणाऱ्या डॉमिनियन कंपनीला एप्रिल 2023 मध्ये 78 कोटी 75 लाख डॉलर द्यावे लागले. एल्स असते तर हे झाले नसते असे त्यांचे जुने सहकारी म्हणतात. मला तसे वाटत नाही. प्रेक्षकाला हवे तेच देत राहायची सवय त्यांनीच लावली होती.

मराठी वाचकासाठी एक धागा. एल्स यांनी आपल्याकडे वाहिनी चालवली नाही, पण मर्डॉक यांच्या स्टारने चालवली. भारतीय वृत्तवाहिनीत परदेशी भांडवलाची मर्यादा 26 टक्के ठरल्यावर 2003 मध्ये आनंदबाजार गटाला 74 टक्के हिस्सा देऊन कंपनी बनली, तिनेच 2007 मध्ये स्टार माझा आणले, आणि 2012 मध्ये स्टार बाहेर पडल्यावर त्याचे एबीपी माझा झाले.

आणि आपल्या वाहिन्यांत काम करणाऱ्या मुलींसाठी, कारण हे मला अनेकदा विचारले जाते: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या भारतीय कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती लागते. पण तक्रार खुद्द मालकाविरुद्ध, म्हणजे कायद्याच्या अर्थाने नियोक्त्याविरुद्ध असेल, तर ती त्याच्याच समितीपुढे न्यावी लागत नाही. जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे ती देता येते. चॅनल चालवणारा प्रमुखही कित्येकदा या व्याख्येत बसतो, तेव्हा आधी वकिलाला विचारा. तक्रार लेखी हवी आणि घटनेपासून तीन महिन्यांत हवी. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. मेसेज, मेल, बैठकीची तारीख, ड्युटी रोस्टरमधला बदल, सगळे आजच्या आज ऑफिसच्या लॅपटॉपबाहेर जपून ठेवा.